वाचकांचे प्रश्न : नवा कुलर लावला तरी पीसी तापतोच कसा?

उन्हाळा लागला की प्रोसेसर तापतोय, फॅन ओरडतोय, असे प्रश्न यायला लागतात. यावेळी इतके आलेत की सगळं सदर त्यालाच दिलंय. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खालच्या बऱ्याच उत्तरांत तीच येणार आहे. प्रोसेसर आणि कुलरच्या मधे लावायची थर्मल पेस्ट कुठल्या कंपनीची आणि तिचा ठिपका द्यायचा की क्रॉस काढायचा यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण कुलर प्रोसेसरवर सपाट आणि चारही बाजूंनी सारखा दाबून बसलाय का हे फार कमी जण बघतात, आणि खरा फरक पडतो तो तिथे.

प्रश्न : माझ्याकडे आय५-१२४००एफ आहे. बॉक्समधला कुलर फार आवाज करायचा म्हणून मामेभावाच्या जुन्या दहाव्या जनरेशनच्या पीसीतला टॉवर कुलर काढून आणला, नवीन पेस्ट लावून बसवला, पण आता गेम सुरू केला की थोड्याच वेळात ९५ च्या पुढे जातो. आधीचा बरा होता म्हणायची वेळ आलीये. पेस्ट डुप्लिकेट निघाली का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : पेस्टला दोष देऊ नका, ती डुप्लिकेट जरी असली तरी एवढा फरक सहसा पडत नाही. तुमच्या पत्रात खरी गोष्ट आहे ती 'दहावं जनरेशन'. तो प्रोसेसर एलजीए१२०० सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), तिथे मदरबोर्डवर कुलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर असतं. तुमचं बारावं जनरेशन, म्हणजे २०२१ साली आलेला एलजीए१७०० सॉकेट, तिथे ते अंतर ७८ मिलिमीटर झालं. तीन मिलिमीटर ऐकायला काहीच नाही वाटत, पण जुने पाय ओढूनताणून बसवले की स्क्रू तिरके जातात. दुसरी गोष्ट अशी की नव्या सॉकेटमधे प्रोसेसरचा वरचा पत्रा आधीपेक्षा थोडा खाली बसतो, त्यामुळे जुना ब्रॅकेट पूर्ण आवळला तरी पाहिजे तेवढा दाब येतच नाही. काही बोर्डांवर जुन्या मापाची भोकंही ठेवलेली होती, लोकांना वाटलं चला बसला, पण उंचीचा प्रश्न तसाच राहिला. कुलर हाताला घट्ट लागतो आणि तरी खाली नीट टेकलेला नसतो.

थोडा हिशोब करा. १२४००एफ टर्बोत, म्हणजे वेग वाढवून चालताना, जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, आणि गेममधे तर त्याच्या बराच खाली असतो. १२० मिलिमीटरच्या फॅनचा कुठलाही बरा टॉवर कुलर एवढं सहज झेपवतो. म्हणजे कुलर कमी पडत नाहीये, उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये.

आता करायचं काय, तर कुलर काढा आणि लगेच पुसू नका, आधी पेस्टचा ठसा बघा. प्रोसेसरवर आणि कुलरच्या तळाला दोन्हीकडे मधोमध पातळ, जवळजवळ आरपार दिसेल असा थर आणि कडेला थोडी जाड रेघ असेल तर बसणी चांगली होती. एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड ढीग असेल तर कुलर तिरका बसला होता. सगळीकडे सारखाच जाड थर असेल, लावली तशीच्या तशी पेस्ट दिसत असेल, तर दाबच पडला नव्हता, आणि तुमच्याकडे हेच दिसेल असा माझा अंदाज आहे. हा ठसा बघणं कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त सांगून जातं आणि त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून इतकं आवर्जून सांगतोय.

मग त्या कुलरच्या कंपनीचं एलजीए१७०० चं किट, म्हणजे त्या सॉकेटच्या मापाचे पाय आणि स्क्रू, मागवा. नॉक्टुआसारख्या काही कंपन्या खरेदीची पावती दाखवली की ते फुकट देत आल्यात, बाकीच्यांचं वेगळं विकत मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करायला हरकत नाही, फक्त कुलरचं मॉडेल नीट लिहून न्या, 'टॉवर कुलरचं किट द्या' एवढ्यावर कोणी योग्य वस्तू देऊ शकणार नाही. किट मिळेपर्यंत बॉक्समधला कुलर परत लावा. त्याच्या पुश पिना बसवताना डोक्यावरच्या बाणाच्या उलट दिशेला फिरवून आधी मूळ जागी आणायच्या, मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन दोन एकदम दाबायच्या, आणि बोर्डच्या मागून डोकावून चारही पाय बाहेर आलेत का ते बघायचं. एक जरी पिन अर्धवट राहिली तरी तो कोपरा उचललेला राहतो आणि समोरून काही म्हणजे काही कळत नाही.

टॉवर बसवताना स्क्रूसुद्धा कोपऱ्याकोपऱ्याने. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. दोनतीन आटे इकडे, दोनतीन आटे समोरच्या कोपऱ्यात, असं फिरत फिरत आपोआप थांबेपर्यंत जायचं, थांबल्यावर जोर लावायचा नाही, स्प्रिंगवाल्या स्क्रूंना थांबायची जागा ठरवून दिलेली असते. आणि कधी नवीन कुलर घेतलात तर तळाला पारदर्शक प्लास्टिकचा कागद असतो तो काढा, 'काढून टाका' असं त्यावर छापलेलं असूनही तो तसाच राहिलेले पीसी दुरुस्तीला येत असतात.

प्रश्न : दादा, मी अकरावीत आहे, बाबांनी पहिल्यांदाच पार्ट घेऊन दिलेत आणि पीसी मीच जोडणार आहे. पेस्ट किती लावू आणि कशी? कोणी सांगतं कार्डाने पसरव, कोणी सांगतं मधे ठिपका दे. चुकलं तर प्रोसेसर जळेल का? रायझन ५ ५६००एक्स आहे.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : प्रोसेसर जळणार नाही, आधी ती भीती काढून टाक. फार तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरी नाही भागलं तर पीसी बंद करतो. तुझ्या ५६००एक्सची मर्यादा ९५ डिग्री आहे, तिथपर्यंत गेला तरी लगेच काही बिघडत नाही.

आता पेस्ट कशाला लागते हे कळलं की किती लावायची हे पाठ करावं लागणार नाही. प्रोसेसरचा पत्रा आणि कुलरचा तळ डोळ्याला गुळगुळीत दिसतात पण बारीक पाहिलं तर दोन्हीवर खड्डे आणि ओरखडे असतात, एकमेकांवर ठेवले की मधे हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याच्या मापात, वॅट प्रति मीटर केल्विन म्हणतात ते तू फिजिक्समधे शिकशीलच, तांबं साधारण ४०० आहे, ॲल्युमिनियम २०० च्या पुढे, आणि हवा ०.०२६ च्या आसपास. नेहमीची पेस्ट एक आकडी किंवा दहाच्या थोडी पुढे. म्हणजे हवेपेक्षा पेस्ट शेकडो पटीने चांगली, पण तांब्यापुढे काहीच नाही. म्हणून जिथे हवा राहिली असती तिथे पेस्ट हवी, आणि जिथे धातूला धातू टेकू शकतो तिथे तिने मधे यायला नको. थर जितका पातळ तितका चांगला, फक्त कुठे कोरडं राहता कामा नये.

तुझा प्रोसेसर ४० बाय ४० मिलिमीटरचा चौकोन आहे, त्याला मधे वाटाण्याएवढा एक ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे बारीक बारीक चार ठिपके दे. कोपऱ्यांचं अशासाठी सांगतोय की या रायझनमधे उष्णता तयार करणारी चिप बरोब्बर मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, त्यामुळे फक्त मधला भाग झाकून भागत नाही. ठिपके देऊन कुलर सरळ वरून खाली ठेव, आवळताना दाबाने पेस्ट आपोआप पसरते. कार्डाने पसरवलीस तरी चालेल, काम तेवढंच होतं, फक्त वेळ जातो आणि हात भरतात. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, ती पुसून घ्यायची. साध्या पेस्टमधून वीज जात नाही त्यामुळे नुकसान नाही. कमी पडणं जास्त वाईट.

एक नियम मात्र पाळ. एकदा टेकवलेला कुलर उचललास, अगदी स्क्रू चुकला म्हणून अर्ध्या मिनिटासाठी उचललास तरी, दोन्हीकडची पेस्ट पूर्ण पुसून नव्याने लाव. तीच परत टेकवली की मधे हवेचे बुडबुडे अडकतात. पुसायला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, ९९ टक्केवालं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात छोटी बाटली मिळते, आणि चष्मा पुसायचं जुनं कापड. सॅनिटायझर नको, बऱ्याच सॅनिटायझरमधे ग्लिसरीन असतं त्याचा चिकट थर राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच, तो प्लास्टिक खातो.

आणि हो, तुझ्या बॉक्समधे जो कुलर आलाय त्याच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली आहे. तोच वापरणार असशील तर वरून अजून लावायची गरज नाही, त्या पेस्टला बोट लावू नकोस म्हणजे झालं. त्याचे चार स्क्रू थेट मागच्या प्लेटमधे जातात, म्हणून मदरबोर्डवरचे दोन प्लास्टिक ब्रॅकेट आधी काढावे लागतात, आणि ते काढले की मागची लोखंडी प्लेट मोकळी होऊन खाली पडते. पडली तर घाबरू नकोस, ती तशीच सुटी असते. एका हाताने मागून धरून ठेवायची, किंवा बोर्ड कॅबिनेटमधे टाकायच्या आधी टेबलावरच कुलर बसवायचा, मी तुला टेबलावरच बसव असं सांगेन. शेवटी फॅनची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लाव. दुसरीकडे लावलीस तर चालू करताना बरेच बोर्ड फॅन एररचा मेसेज देऊन थांबतात. बाबांना पहिला स्क्रीन उजळताना बघायला बोलाव, मजा येईल.

प्रश्न : चार वर्षं जुना रायझन ३६०० आहे, कुलर बदलायला म्हणून ओढला तर प्रोसेसर कुलरला चिकटून सॉकेटमधून बाहेरच आला, लॉकची दांडी खालीच होती. दोन पिना वाकल्यात. गेला का? ओळखीच्या दुकानदाराने 'आता नवीनच घ्या' म्हणून सांगितलं.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नवीन घ्यायची घाई करू नका. वाकलेली पिन तुटलेली नसते. पेस्ट सुकून सिमेंटसारखी धरते आणि एएम४ सॉकेटमधे प्रोसेसरला वरून धरणारं काहीच नसतं, पिनांना बाजूने पकडतात तेवढंच, त्यामुळे सरळ वर ओढलं की असं होतं. हे इतक्या जणांचं होतं की ही त्या सॉकेटचीच उणीव आहे असं माझं मत आहे. एएमडीच्याच नव्या एएम५ सॉकेटमधे आणि इंटेलमधे प्रोसेसर पत्र्याखाली अडकवलेला असतो आणि पिना सॉकेटमधे असतात, तिथे हा प्रकार होत नाही.

आधी प्रोसेसर कुलरपासून सोडवा. हेअर ड्रायरने कुलरचा तळ कोमट करा, मग प्रोसेसर कडेने धरून हळूहळू गोल फिरवा, वर ओढू नका आणि स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू तर अजिबात नका. सुटला की उजेडात पिनांच्या ओळी आडव्या उभ्या दोन्हीकडून बघा, रांगेतून बाहेर गेलेली पिन लगेच दिसते. मेकॅनिकल पेन्सिलमधली शिसं काढून तिची रिकामी नळी त्या पिनेवर चढवायची आणि अगदी थोडं थोडं करत सरळ करायचं, एका झटक्यात नाही. पिन जितक्या वेळा मागेपुढे वाकवाल तितकी तुटायची शक्यता वाढते. सरळ झाली की दांडी वर करून प्रोसेसर फक्त ठेवायचा, तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबावा लागत असेल तर अजून एखादी पिन तिरकी आहे. हात थरथरत असतील तर मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या, मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्या माणसाला हे अवघड नाही.

पुढच्या वेळी कुलर काढायच्या आधी पीसीवर दहा मिनिटं एखादा जड गेम चालवा, मग बंद करा, वायर काढा आणि पेस्ट गरम असतानाच स्क्रू सोडून कुलर डावीउजवीकडे फिरवत सोडवा.

प्रश्न : जानेवारीत गेममधे ६८ डिग्री यायचं, आता मे महिन्यात तोच गेम, तीच सेटिंग आणि ८२. पेस्ट संपली का? बदलून बघू? घरात डेझर्ट कूलर आहे, त्याची हवा पीसीवर सोडली तर चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : पेस्ट ठीक आहे. हवेवर चालणारा कुठलाही कुलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती डिग्री राहायचं ते ठरवतो. जानेवारीत तुमची खोली २५ असेल तर प्रोसेसर ४३ डिग्री वर होता. आता बाहेर ४५ आणि खोलीत ३८-३९ धरली तर फरक अजूनही तेवढाच आहे, म्हणजे कुलर आपलं काम पहिल्यासारखंच करतोय. म्हणून टेम्परेचर लिहून ठेवताना शेजारी खोलीचं टेम्परेचरही लिहा, साधं घड्याळवालं थर्मामीटर पुरतं. कोल्ड प्रदेशातल्या लोकांचे रिव्ह्यू बघतानाही हेच, ते २० च्या खोलीत मोजतात आणि आपण आपल्या आकड्यांशी तुलना करून उगाच काळजीत पडतो. फरक वाढत गेला, खोली तेवढीच असून प्रोसेसर आठदहा डिग्री वर गेला, तर मात्र बघावं लागेल, आणि तेव्हाही पहिल्यांदा ब्रश घेऊन कुलरच्या पात्यांमधली आणि समोरच्या जाळीतली धूळ काढायची. ती काढताना फॅन बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने गरागरा फिरू देऊ नका.

डेझर्ट कूलर खोलीत चालू असेल तर चांगलंच आहे, खोली थंड झाली की पीसीही होतो. पण त्याच्या तोंडासमोर कॅबिनेट ठेवू नका, ती हवा दमट तर असतेच, कधी कधी पाण्याचे थेंबही येतात.

प्रश्न : नवा रायझन ५ ७६००एक्स घेतला, रेंडर लावला की थेट ९५ वर जाऊन तिथेच थांबतो. कुलर दोनदा काढून बसवला, ठसा चांगला आहे. आता?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आता काही नाही. ७००० मालिकेतले हे प्रोसेसर असेच बनवलेत, जागा मिळेल तितका वेग वाढवत ९५ पर्यंत जायचं आणि तिथे राहायचं, एएमडीनेच तसं सांगितलंय. नको वाटत असेल तर बायोसमधे (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधे) इको मोड ६५ वॅटवर करा, ६५ हे नुसतं त्या मोडचं नाव, प्रत्यक्षात एरवी १४२ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर ८८ वर थांबतो, बराच गार पडतो आणि रेंडरला लागणारा वेळ त्या मानाने थोडाच वाढतो. उन्हाळाभर मी तरी तसाच ठेवेन.

प्रश्न : सर्व्हिसवाला दरवर्षी पेस्ट बदलायचे पैसे लावतो. खरंच दरवर्षी लागते का? आणि मुलाने कुठेतरी पाहिलं की टूथपेस्ट पण चालते.
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : नाही ताई, दरवर्षी नाही लागत. बरी पेस्ट लावलेली असेल तर डेस्कटॉपमधे कित्येक वर्षं काही करावं लागत नाही. कुलर काढला तर बदलायची, किंवा वर नागपूरच्या उत्तरात सांगितलं तसा फरक वाढलेला दिसला तर. लॅपटॉपचं थोडं वेगळं आहे, तिथे मधला पत्रा नसतो, चिप उघडी असते आणि सतत गरम-गार होऊन पेस्ट हळूहळू कडेला सरकते, त्यामुळे तिथे लवकर लागू शकते, आणि लावताना ठिपका नाही, पूर्ण चिप झाकून पसरवायची. पुढच्या वेळी सर्व्हिसवाल्याला आधीचं आणि नंतरचं टेम्परेचर दाखवायला सांगा, एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, दोन मिनिटांचं काम आहे. फरक नसेल तर पुढच्या वर्षी त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

टूथपेस्ट नको. ती पाण्यावर बनलेली असते, सुरुवातीला काम केल्यासारखं वाटतं आणि पाणी उडालं की खडूसारखी पावडर मागे राहते. मुलाला लिक्विड मेटलपासूनही लांब ठेवा, त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियमला कुरतडतं आणि त्यातून वीजही जाते, एक थेंब बोर्डवर सांडला तर शॉर्ट होतो. दोन-चार ग्रॅमची साधी सिरिंज आणा, ती बऱ्याच वेळा पुरते, टोपण घट्ट लावून ठेवा.

प्रश्न : कुलर बसला पण कॅबिनेटचं झाकण लागत नाही, दोन मिलिमीटरने अडतंय. जोर लावून लावू का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नका लावू, तो दाब थेट मदरबोर्डवर जाईल. आधी बघा की फॅन रॅमवर अडून वर सरकलेला नाही ना, क्लिप काढून तो खाली घेता आला तर झाकण लागेल. नाहीतर फॅन मागच्या बाजूला लावा, हवा मात्र पुढून मागेच गेली पाहिजे, फॅनच्या ज्या बाजूला प्लास्टिकचे आडवे दांडे असतात तिकडून हवा बाहेर पडते. तेही जमलं नाही तर कुलर बदलून घ्या. घेण्याआधी दोन आकडे जुळवायचे असतात, कुलरची उंची आणि कॅबिनेटमधली जागा. डीपकूलचा एजी४०० हा १५० मिलिमीटर आहे, एके४०० हा १५५, नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा १६५, त्यामुळे एकात बसतो तो दुसऱ्यात बसेलच असं नाही.

प्रश्न : हॉस्टेल सोडून पुण्याहून बीडला पीसी घेऊन जायचाय, एसटीने. मोठा दोन फॅनचा टॉवर कुलर आहे. काढून नेऊ का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : कुलर एक किलोच्या आसपास किंवा जास्त असेल तर काढूनच ने, वर सांगितलेला एनएच-डी१५ फॅनसकट १.३२ किलोचा आहे, आणि कॅबिनेट उभं असताना एवढं सगळं वजन मदरबोर्डला आडवं लटकलेलं असतं, रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्या चार स्क्रूंवर येतो. हलका असेल तर राहू दे, पण कॅबिनेट आडवं झोपवून ने, काचेची किंवा पत्र्याची उघडणारी बाजू वर, म्हणजे मदरबोर्ड खाली सपाट राहतो आणि कुलर त्याच्यावर उभा राहतो. डिकीत इतरांच्या बॅगांखाली देऊ नकोस, जमलं तर शेजारच्या सीटचं तिकीट काढ. ग्राफिक कार्ड काहीही झालं तरी काढून वेगळं, त्याच्या मूळ बॉक्समधे. घरी पोचलास की चालू करायच्या आधी कॅबिनेट उघड, कुलर दोन बोटांनी धरून अगदी हलकं हलवून बघ. जागचा हलत नसेल तर चालू कर. हलला तर नुसते स्क्रू आवळून भागणार नाही, काढ, पूस, नवीन पेस्ट लाव, म्हणून सिरिंज आणि आयपीएची बाटली बॅगेत असू दे.